खुब्याच्या वाटा

'खुबे' हा शब्द कानी पडला की गोमंतकातील आमच्या वाचकांना खाडीच्या चिखलातले शिंपले आठवतील आणि त्यांच्या मागोमाग ओल्या खोबऱ्यातले सुकेही आठवेल. आम्ही सातपुड्याच्या पायथ्याची माणसे. समुद्र आम्हांला नकाशावरच अधिक परिचित. आमच्याकडे खुबा म्हणजे मांडीचे हाड कमरेच्या हाडाला जेथे भेटते तो सांधा. शाळेच्या पुस्तकांत त्याला उखळीचा सांधा म्हणतात. मांडीच्या हाडाच्या माथ्यावर एक वाटोळा गोळा, कमरेच्या हाडात त्याच्या मापाची खोल वाटी, दोहोंच्या अंगावर गुळगुळीत कूर्चेचा लेप आणि सभोवती जाड स्नायूंचा असा वेढा की बाहेरून बोट लावून तो चाचपता येऊ नये. कोपर, गुडघा, घोटा हे सांधे डोळ्यांना दिसतात. खुबा मात्र दुखू लागेपर्यंत आपल्याला आहे, याचीही आठवण होत नाही.

आणि तरी आपले निम्मे जीवन त्याच्यावर चालते. आपला समाज बराचसा जमिनीवर बसलेला समाज आहे. जेवणाची पंगत जमिनीवर, कीर्तन जमिनीवर, लग्नातील वधूवरांचे पाट जमिनीवर. आमच्या बायका शेतात निंदण करतात ते उकिडव्या बसून. दोन माणसांचे सख्य सांगावयाचे तर आपण ती मांडीला मांडी लावून बसतात असे म्हणतो. ज्याचा खुबा गेला तो मनुष्य प्रथम पंगतीतून उठतो. त्याच्यासाठी भिंतीशी खुर्ची मांडली जाते, ताट हातात दिले जाते, आणि घरातल्या घरात तो थोडासा पाहुणा होतो. दुखण्यापेक्षा हे पाहुणेपणच अनेकांना अधिक सलते, असे आम्ही पाहिले आहे.

पांढुर्णा आणि सौंसर ही आमची दोन गावे. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले व छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याबरोबर त्याच्या दक्षिण टोकाचा हा मराठी बोलणारा मुलूखही तेथेच राहिला. २०२३ साली त्याचा पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. आमची कचेरी हिंदीत चालते आणि घर व संत्र्याचा बगीचा मराठीत. बाहेरच्यांना पांढुर्णा ठाऊक असते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून होणाऱ्या गोटमारीमुळे. त्या दिवशी किती डोकी फुटली हे वर्तमानपत्रे मोजतात. वर्षभर हळूहळू झिजणारी हाडे मात्र कोणी मोजीत नाही.

दुखणे मोठे झाले की दोन्ही गावांची तोंडे नागपूरकडे वळतात. पांढुर्ण्याचा मनुष्य रेल्वेने नरखेड, काटोल करीत जातो किंवा मोटारीने सावनेरवरून जातो. सौंसरचा मनुष्यही सावनेरलाच येऊन त्या सडकेला मिळतो. सौंसरची छोटी गाडी २०१५ साली थांबली आणि पुढे तेथे रुंद रूळ आले, तेव्हापासून तीही एक वाट झाली. मुक्काम एकच, वाटा निरनिराळ्या. कोणती वाट घ्यावी हे आपण कोठून निघालो, बरोबर ओझे किती आणि मध्येच पाऊस लागला तर काय, यांवर ठरते. खुब्यापर्यंत पोचण्याच्या शस्त्रक्रियेच्या वाटांचेही असेच आहे, हे आम्हांला दोन रुग्णांच्या निमित्ताने कळले. एक सौंसरची आमची मावशी, आणि दुसरा तिच्या बगीच्यात संत्र्याच्या पेट्या वाहणारा पांढुर्ण्याचा एक पंचविशीतला मुलगा.

प्रथम मुलाविषयी. म्हातारपणी खुबा झिजतो किंवा पडून मोडतो हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु आमच्या भागात तरुणांचे खुबेही जातात, आणि त्यामागे पुष्कळदा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष असतो. मध्य भारतात हा दोष आढळतो, हे शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले होते. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली ती २०२३ साली. या विकारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या मुळातच थोड्या व निमुळत्या. त्या तुंबल्या की गोळ्याचे हाड उपाशी मरते, पोकळ होते आणि अंगाच्या भाराखाली चेपते. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडची औषधे व अतिरिक्त मद्यपान यांनीही हेच घडते. करोनाच्या साथीत स्टेरॉइड घेतलेल्या काही रुग्णांत असे खुबे आढळल्याचे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०२१ साली नमूद केले आहे. या मुलाचा उजवा गोळा पुरता चेपला होता आणि डाव्याला सुरुवात झाली होती. पेटी उचलताना तो दात आवळीत असे. आंबिया बहाराचा माल निघाला त्या हंगामात तो पेट्यांजवळ नुसता बसून राहिला.

नागपूरच्या रुग्णालयात त्याने शल्यविशारदांना पहिला प्रश्न विचारला तो आमच्या बोलीत: "डाक्टरसाहेब, पुढून करतात थे आपरेशन चांगलं म्हन्तात. मले पुढूनच करून द्या ना." शहरातील फलकांवर त्याने तसे वाचले होते. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागद घेतला, एक वर्तुळ काढले आणि त्याला चारी बाजूंनी बाण दाखविले. त्या कागदावरून आम्हांला जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

पुढची वाट जांघेच्या किंचित बाहेरून जाते. जर्मनीत ह्यूटर यांनी एकोणिसाव्या शतकात ती दाखविली आणि बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९१७ साली तिचे वर्णन करून ती रूढ केली. दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून शिरावयाचे, म्हणजे स्नायू कापावा लागत नाही. दोन शेतांच्या मधल्या धुऱ्यावरून गेल्यास पीक तुडविले जात नाही, तसेच हे. रुग्ण पहिले काही आठवडे लवकर चालू लागतो. परंतु या धुऱ्यावर मांडीच्या कातडीला संवेदना देणारा एक बारीक मज्जातंतू आडवा येतो. तो दुखावला तर मांडीचा बाहेरचा भाग बधिर राहतो. शिवाय वाटी या वाटेने स्वच्छ दिसते, पण मांडीच्या हाडाच्या पोकळीत दांडा बसविणे अवघड जाते, आणि वाट खाली लांबविणे सोपे नाही.

बाजूच्या वाटेचे वर्णन इंग्लंडच्या राइटिंग्टन रुग्णालयातील हार्डिंग यांनी १९८२ साली केले. तीत चालताना कंबर सावरून धरणाऱ्या स्नायूचा पुढचा भाग हाडापासून सोडवून पुन्हा शिवावा लागतो. सांधा या वाटेने सहसा निखळत नाही. पण तो स्नायू नीट भरून आला नाही, किंवा फार वर चीर गेल्याने त्याचा मज्जातंतू दुखावला, तर मनुष्य लंगडतो.

पाठीमागची वाट जगात पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. तिच्याशी दक्षिण कॅरोलिनातील ऑस्टिन मूर यांचे नाव जोडलेले आहे. बसण्याच्या मोठ्या स्नायूच्या तंतूंमधून आत जाऊन मांडी बाहेर वळविणारे आखूड स्नायू सोडवावयाचे. कंबर सावरणारा स्नायू येथे शाबूत राहतो, हाड व वाटी दोन्ही चांगली दिसतात, आणि गरज पडली तर चीर वर-खाली हवी तेवढी वाढविता येते. परंतु जवळूनच सायटिक हा जाड मज्जातंतू जातो, त्याला जपावे लागते. आणि सांध्याची मागची भिंत आपणच उघडलेली असल्यामुळे तो मागच्या बाजूला निखळण्याची भीती राहते. सोडविलेले स्नायू व वेष्टन काळजीने परत शिवले आणि गोळा मोठ्या मापाचा घेतला, तर ही भीती बरीच कमी होते.

"मंग माह्यासाठी कोनती?" मुलाने विचारले. डॉक्टर म्हणाले, "तुझं हाड सिकलसेलचं आहे. आतली पोकळी काही ठिकाणी भरून टणक झालेली असते. दांडा बसवताना हाड तडकलं, तर मला तिथल्या तिथे वाट वाढवून ते बांधता आलं पाहिजे. म्हणून तुझ्यासाठी मागची. ज्याचं हाड साधं, त्याला मी पुढून करतोही. वर्षभरानंतर दोघांच्या चालण्यात फारसा फरक उरत नाही." मुलगा काही वेळ कागदाकडे पाहत राहिला व म्हणाला, "असं असन तं मागूनच करा."

या उत्तराने आमच्या मनातील एक गैरसमज गेला. सर्वांत चांगली वाट अशी काही वस्तू नसते. प्रत्येक वाट काही मागते: एक स्पर्श मागते, दुसरी ताल मागते, तिसरी सावधपणा मागते. कोणाकडे काय देण्यासारखे आहे, हे पाहून वाट ठरवावी लागते. आणि ज्या वाटेवर शल्यविशारदाचे पाय रोज चालतात त्या वाटेला नवख्या वाटेपेक्षा अधिक मान द्यावा लागतो.

शस्त्रक्रियेपूर्वी त्याला रक्त दिले गेले. शिरेतून पाणी दिले. अंग गार पडू नये व प्राणवायू कमी पडू नये याची दक्षता घेतली गेली, कारण थंडी, तहान व प्राणवायूची उणीव ही तिन्ही विळ्याच्या पेशींना आमंत्रणे. आज तो चालतो. पेट्या वाहत नाही. बगीच्याच्या वजनकाट्याशी बसून हिशेब लिहितो. त्याचे वय ध्यानात घेता या जन्मात त्याचा हा सांधा एकदा तरी बदलावा लागेल, हेही डॉक्टरांनी त्याला तोंडावर सांगितले आहे.

कृत्रिम सांधा का बदलावा लागतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आजच्या पद्धतीचा पाया राइटिंग्टन येथेच जॉन चार्न्ली यांनी घातला. त्यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. ती काही वर्षांतच झिजली, आणि आपल्याच रुग्णांचे सांधे त्यांना पुन्हा उघडावे लागले. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी अधिक टिकाऊ पॉलिएथिलीनची वाटी बसविली. त्यात फिरणारा पोलादी गोळा अवघा २२ मिलिमीटरचा, आणि दोहोंना हाडात पक्के करणारे सिमेंट दंतवैद्यांच्या परिचयातील पदार्थाचे. चार्न्ली सांध्यापर्यंत जात ते मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा करवतून, आणि निघताना तो तारांनी परत बांधून. त्या सांध्यांपैकी कित्येक दशकानुदशके चालले. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये निरनिराळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे १०० पैकी सुमारे ५८ कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात. उरलेल्यांत बहुधा वाटी झिजते. तिचे सूक्ष्म कण भोवती पसरतात. शरीरातील भक्षक पेशी ते कण गिळू पाहतात आणि त्या गडबडीत आपलेच हाड विरघळवितात. मग दांडा डुगडुगू लागतो. कधी जंतुसंसर्ग होतो, कधी सांधा वारंवार निखळतो, कधी पडून हाड मोडते.

आमच्या मावशीचा सांधा असाच ढिला झाला होता. २००४ साली विहिरीच्या काठावर पाय घसरून तिचा डावा खुबा मोडला आणि तो बदलण्यात आला. त्यानंतर वीस वर्षे तिने बगीचा सांभाळला, दोन नातवंडांची लग्ने लावली आणि जामसावळीच्या मारुतीच्या वाऱ्याही केल्या. तेथील मारुती उभा नसून पहुडलेला आहे, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगावयास हवे. २०२४ च्या उन्हाळ्यात मांडीत कळा येऊ लागल्या, पाय आखूड झाला, आणि ती म्हणाली, "आता म्या बी मारुतीवानी आडवीच राहतो काय बाप्पा!"

डॉक्टरांनी प्रथम सुईने सांध्यातील पाणी काढून तपासले, कारण जंतू असतील तर जुना सांधा काढून औषधमिश्रित सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवावा लागतो आणि नवा सांधा काही आठवड्यांनी दुसऱ्या खेपेस बसवावा लागतो. सुदैवाने जंतू निघाले नाहीत. मग त्यांनी विचारले, "आजी, पहिल्या ऑपरेशनचे कागद आहेत का? आत कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा सांधा आहे?"

कागद नव्हते. ज्या लहानशा रुग्णालयात ती शस्त्रक्रिया झाली ते कधीच बंद पडले होते, आणि घरातील लाकडी फडताळाला वाळवी लागून सात-बारापासून पत्रिकांपर्यंत सारे मातीत गेले होते. पहिली वाट मागची होती, एवढे तिच्या पाठीकडे वळलेल्या व्रणावरून कळले. शरीराने तेवढी नोंद ठेवली होती. परंतु आतल्या दांड्याचे कुळ व्रणावर लिहिलेले नसते. प्रत्येक कंपनीचा दांडा व गोळा यांचा जोड निराळा, तो काढण्याची हत्यारे निराळी. जोड ओळखला असता तर कदाचित पक्का असलेला भाग ठेवून ढिला तेवढाच बदलता येतो. येथे क्ष-किरणाच्या चित्रावरून अंदाज बांधावा लागला आणि सर्वच बदलण्याची तयारी ठेवून आत जावे लागले. जुन्याच व्रणावरून मागची वाट पुन्हा उघडली. सिमेंट खोलवर घट्ट होते, म्हणून मांडीच्या हाडाचा बाहेरचा लांब भाग कवाडासारखा उघडून दांडा काढला, नवा लांब दांडा बसविला आणि कवाड तारांनी बांधले. १९९५ साली अमेरिकेतील शल्यविशारदांनी या कवाडाची रीत प्रसिद्ध केली. चार्न्लींची करवत अशी नव्या रूपाने परत आली म्हणावयाची. दुपारी सुरू झालेली शस्त्रक्रिया दिवेलागणीपर्यंत चालली. बाहेरच्या बाकावर आमच्याबरोबर तो मुलगाही कुबडी घेऊन बसला होता. आत काय चालले आहे, हे आमच्या सर्वांत त्यालाच अधिक कळत होते.

कागदाची गोष्ट केवळ आमच्या मावशीची नाही. डीप्यू कंपनीचा धातूवर धातू फिरणारा एक खुबा २०१० साली जगभरातून परत बोलाविण्यात आला. भारतात तो सुमारे ४,७०० जणांना बसविलेला होता. सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल २०१८ साली पुढे आला तेव्हा त्यांतील फार थोड्यांचाच ठाव लागलेला होता. आपल्या शरीरात काय आहे, हेच ज्यांना सांगता येत नव्हते, त्यांना शोधावे तरी कोणी?

आमच्या सीमेवरच्या मुलखात या कागदाला आणखी एक अडचण आहे. संमतिपत्र हिंदीत असते, रुग्णालयाचा अहवाल इंग्रजीत असतो आणि दुखणे मराठीत असते. गोमंतकातील वाचकांना हे निराळे वाटू नये. तेथेही कागद एका भाषेत आणि कण्हणे दुसऱ्या भाषेत अशी घरे आहेत. म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी वाट कोणती आणि ती का, हे आपल्या भाषेत विचारावे. आपण जेवतो, पूजा करतो, शौचास बसतो ते कसे, हे न विचारताच डॉक्टरांना सांगावे. मागच्या वाटेने गेलेल्या सांध्याला सर्वांत मोठा धोका असतो तो कमरेत खोल वाकून गुडघा आत वळविण्याचा. पाटावर बसून दूरचे भांडे ओढणाऱ्या बाईला हे कळले पाहिजे. आणि शस्त्रक्रियेनंतर सांध्याच्या खोक्यावरील चिकटपट्टी, जिच्यावर कंपनी, माप व क्रमांक छापलेला असतो, ती मागून घ्यावी. पहिली वाट चालून गेलेला शल्यविशारद दुसऱ्या वेळी कदाचित नसेल. त्याच्या पावलांच्या खुणा तेवढ्या हाती हव्यात.

मावशी सहा आठवडे वॉकर धरून निम्म्या भाराने चालली, मग काठीने, आता काठीही पुष्कळदा विसरते. पंगतीत ती खुर्चीवर बसते. पण यंदा घरातील मुलींनी एक युक्ती केली: सर्वांचीच पाने टेबलावर मांडली. तिने दोन घास घेतले आणि म्हणाली, "हे बरं झालं, आता सारेच पाहुने."

मुलाने आपली चिकटपट्टी शिधापत्रिकेच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेविली आहे. तिच्या मागच्या कागदावर त्याने स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिले आहे: उजवा खुबा. वाट मागची. त्याखाली तारीख आहे, डॉक्टरांचे नाव आहे, आणि त्याखाली डाव्या खुब्यासाठी एक ओळ कोरी सोडली आहे.